ठोके मोजूनच मिळालेत म्हणे!

गेल्या महिन्यात तीन पेशंटनी मला एकच व्हॉट्सअ‍ॅप मजकूर दाखवला. त्यातल्या एका गृहस्थांनी तर तो छापून, चार घड्या घालून खिशात ठेवला होता. मजकूर थोडक्यात असा: ज्यांचे ठोके अनियमित आहेत त्यांनी व्यायाम साफ बंद करावा, कारण माणसाला जन्मतः ठरावीक ठोके मिळतात आणि व्यायामाने ते लवकर संपतात. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ‘एएफ’ हा ठोके अनियमित होण्याचा प्रकार, व्यायामाने वाढतं. चालायचंच असेल तर घड्याळातला आकडा शंभरच्या वर जाऊ देऊ नये. पेसमेकरवाल्यांनी डावा हात वर करू नये. आयसीडी (ठोके धोकादायक झाले की आतून शॉक देणारं छातीतलं यंत्र) बसवलेल्यांनी खुर्ची सोडू नये, शॉक बसेल. खाली लाल अक्षरांत ‘पुण्य मिळवा, पुढे पाठवा’.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि हृदयाच्या पेशंटचा व्यायाम घेणं हेच माझं काम आहे, तेव्हा पुढे पाठवण्याऐवजी उत्तरच देते.

आधी त्या मोजून मिळालेल्या ठोक्यांचं. हिशोबच मांडायचा तर मांडू. बसल्या जागी मिनिटाला ८० ठोके असतील तर दिवसाचे १,१५,२०० होतात. रोज अर्धा तास चालताना ते १२० वर गेले, तर जादा खर्च १,२००. नियमित चालण्याने काही आठवड्यांत बसल्या जागेचा वेग ८० वरून ७५ वर आला, की उरलेल्या साडेतेवीस तासांत ७,०५० ठोके वाचले. पक्का मारवाडी हिशोब लावला तरी चालणंच फायद्याचं निघतं.

‘पूर्ण आराम’ निरुपद्रवी असतो, हा समज त्याहून घातक. १९६६ साली अमेरिकेत डॅलसला विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवून बघितलं. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पाव हिश्शाहून जास्त घसरली. त्याच पाच जणांना तीस वर्षांनी पुन्हा तपासलं, तर पन्नाशीतही त्यांची क्षमता त्या तीन आठवड्यांनंतर होती तेवढी खाली गेलेली नव्हती. माझ्याकडे येणाऱ्यांत हे रोज दिसतं. छातीत फडफड झाली म्हणून माणूस चार महिने बसून राहतो, मग एका जिन्यात धाप लागते, ‘हृदय आणखी बिघडलं’ असं घरचे ठरवतात आणि त्याला आणखी बसवतात. बिघडलेले असतात ते मांड्यांचे स्नायू.

आता मुख्य दावा, व्यायामाने एएफ वाढतं हा. एएफमध्ये हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात. काहींना ते येऊन जाऊन असतं. नॉर्वेत ट्रॉन्डहाइमला अशा ५१ पेशंटच्या त्वचेखाली ठोके नोंदवणारं छोटं यंत्र बसवलं होतं, त्यामुळे ‘मला बरं वाटतंय’ यावर काही अवलंबून नव्हतं. निम्म्यांनी बारा आठवडे, आठवड्यातून तीनदा, चार-चार मिनिटांचे चार जोरकस टप्पे केले. २०१६ साली आलेले निकाल असे: व्यायाम करणाऱ्यांचा एएफमध्ये जाणारा वेळ ८.१ टक्क्यांवरून ४.८ टक्क्यांवर आला, न करणाऱ्यांचा १०.४ वरून १४.६ वर गेला. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला १२० जणांवर झालेल्या चाचणीत सहा महिने व्यायाम घेतला आणि वर्षाअखेर मोजदाद केली. व्यायामाच्या गटात शंभरातल्या ६० जणांना एएफ परत आलं, दुसऱ्या गटात ८० जणांना. जादू नाहीच, साठ जणांना आलंच की! पण फरक उलट्या दिशेचा असायला हवा होता, मजकूर खरा असता तर.

हा मजकूर हवेतूनही आलेला नाही. स्वीडनमध्ये वासालोपेट नावाची ९० किलोमीटरची स्कीइंगची शर्यत असते. तिच्या ५० हजारांहून जास्त स्पर्धकांचा माग काढला, तेव्हा वर्षानुवर्षं शर्यती करणाऱ्यांत आणि सर्वात वेगवानांत एएफचं प्रमाण जास्त आढळलं. कुणीतरी हे अर्धवट वाचलं आणि नव्वद किलोमीटरचा निष्कर्ष सोसायटीच्या आवारात चार फेऱ्या मारणाऱ्या आजोबांना लावला. ट्रॉन्डहाइमचे जोरकस टप्पेसुद्धा देखरेखीखालचे होते, ते घरी एकट्याने करू नयेत.

घड्याळाचा मुद्दा मला जरा लांबवायचाय. एसटीत कंडक्टर असलेले एक काका मनगटाकडे बघत चालायचे, ८८, १३१, १०४, मग एकदम ९६. आणि प्रत्येक आकड्याला दचकायचे. एएफमधली नाडी बोटांनी बघा: टक, टक-टक, मोठी फट, पुन्हा टक. काही ठोके इतके दुबळे असतात की मनगटापर्यंत पोचतच नाहीत, तिथे घड्याळ काय मोजणार? आपण मोजायची तर पूर्ण मिनिट, पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की चुकलंच. त्यात मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर ठोके मुळातच दाबलेले असतात, मग ठोक्यांची कमाल मर्यादा काढायचं ‘२२० वजा वय’ हे सूत्रही कामाचं राहत नाही. (बसल्या जागी वेग सतत ११० च्या वर राहत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जाऊन तो आटोक्यात आणायचा.) मी गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाची श्रमाची पट्टी वापरते. आपल्याला किती श्रम वाटतात ते तिच्यावर सांगायचं, ६ म्हणजे काहीच नाहीत, २० म्हणजे कमाल. सुरुवातीला ११ ते १३ पुरे. काकांसाठी आम्ही त्याहून सोपं केलं: चालता चालता ‘पुढे सरका, पुढे जागा आहे’ हे एका दमात म्हणायचं. मध्येच श्वास घ्यावा लागला तर वेग कमी. आता ते घड्याळ घरी ठेवतात.

पेसमेकरच्या हाताचं थोडक्यात. यंत्रातून हृदयात जाणारी तार नीट बसेपर्यंत, साधारण चार ते सहा आठवडे, तो हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, जड उचलायचं नाही. पुढे हात वापरायचाच असतो. आठ महिने हात पोटाशी धरून बसलेल्या एका काकूंचा खांदा इतका आखडला होता की केसांत गजरा माळता येईना. पेसमेकर उत्तम चालला होता.

मजकुरात जे यायला हवं होतं ते मात्र नाहीच. लाँग क्यूटी, सीपीव्हीटी, एआरव्हीसी असे हृदयाचे काही आजार आहेत, बरेचदा आनुवंशिक, ज्यांत जोराचा व्यायाम खरोखर जिवावर बेतू शकतो. लाँग क्यूटीच्या एका प्रकारात तर विशेषतः पोहणं. व्यायाम करताना कुणी बेशुद्ध पडलं असेल, किंवा घरात तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, तर तपासणीआधी बूट घालू नयेत.

राहिला आयसीडी. १२ जून २०२१ ला कोपनहेगनच्या मैदानावर डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिश्चन एरिक्सन हृदय बंद पडून कोसळला, हे अनेकांनी टीव्हीवर पाहिलं. त्याला आयसीडी बसवलं आणि आठ महिन्यांनी तो इंग्लंडमध्ये पुन्हा खेळायला उतरला. इटलीचे नियम आड आले म्हणून त्याला तिथला क्लब सोडावा लागला, म्हणजे यावर देशादेशांतही एकमत नाही. आयसीडी असूनही खेळणाऱ्या ३७२ खेळाडूंची नोंद ठेवली, तेव्हा काहींना खेळताना शॉक बसले, पण खेळामुळे मृत्यू एकही झाला नव्हता. आपल्याला फुटबॉल खेळायचा नाहीये. आपल्याला एकच आकडा लागतो: ठोके मिनिटाला कितीच्या वर गेले की यंत्र शॉक द्यायला सज्ज होतं. व्यायाम त्याच्या दहा ते वीस ठोके खाली ठेवायचा. तो आकडा प्रत्येकाचा वेगळा असतो आणि यंत्र तपासणाऱ्याला विचारला की लगेच सांगतात, फक्त कुणी विचारत नाही.

मजकुराची घडी खिशात घेऊन फिरणाऱ्या गृहस्थांना आयसीडीच आहे. त्यांचा आकडा निघाला १८८. मी त्यांच्याच कागदाच्या कोऱ्या बाजूला मोठ्या अक्षरांत १६८ लिहून दिलं. घडी परत खिशात गेली, आणि ते ट्रेडमिलवर चढले.