चांगल्या ट्रॅकची माती कशी करावी

अमेरिकेत स्टॉक कारच्या, म्हणजे दिसायला साध्या मोटारीसारख्या बंद गाड्यांच्या, शर्यती भरवणाऱ्या नॅस्कारने २०२१ ते २०२३ ब्रिस्टलच्या काँक्रीटच्या ट्रॅकवर माती टाकून मुख्य मालिकेची शर्यत घेतली. तुम्हीही तशीच मातीवर स्टॉक कारची शर्यत भरवायची ठरवलीत, उत्तम. आता पहिली खबरदारी घ्या : तयार मातीचा ट्रॅक कुठे असेल तर तिकडे चुकूनही फिरकू नका. अमेरिकेत हे दिसतं तितकं सोपं नाही. ओहायोत रॉसबर्गला एल्डोरा आहे, १९५४ पासून माती पोसत बसलेला अर्ध्या मैलाचा ट्रॅक. आयोवात नॉक्सव्हिल आहे, जिथे १९६१ पासून स्प्रिंट कारच्या, म्हणजे मातीवर धावणाऱ्या हलक्या गाड्यांच्या, नॅशनल्स ही मोठी वार्षिक स्पर्धा भरते. शार्लटच्या मोठ्या डांबरी ट्रॅकसमोरचा रस्ता ओलांडला की खास मातीचा म्हणून बांधलेला ट्रॅक लागतो, आणि तो पुन्हा ब्रिस्टलच्याच मालकांचा. अशा ठिकाणी शर्यत भरवली तर लोक शर्यत बघून घरी जातील. त्यात बातमी काय?

म्हणून टेनेसीतलं ब्रिस्टल निवडा. लांबी ०.५३३ मैल, वळणं वाटीच्या कडांसारखी चढती, २४ ते २८ अंशांपर्यंत. १९९२ पासून पृष्ठभाग काँक्रीटचा. इथली सप्टेंबरमधली रात्रीची ५०० फेऱ्यांची शर्यत बघायला माणसं वर्षभर आधी रजा टाकतात. म्हणजे काहीही बिघडलेलं नाही. दुरुस्तीला सुरुवात करायला यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही.

आता माती. २०२१ साली ब्रिस्टलवर सुमारे २३,००० घनयार्ड माती पडली, म्हणजे २,३०० ट्रक. आपल्याकडच्या हिशेबात साधारण ६,२०० ब्रास. घराच्या पायात भर टाकायला दोन ब्रास मुरूम मागवताना जो माणूस तीन ठिकाणी भाव विचारतो, त्याला हा आकडा सांगू नका. खाली काँक्रीट आहे हे विसरू नका, कारण शर्यत झाली की ते जसंच्या तसं परत हवं आहे. त्यासाठी आधी लाकडाचा भुसा पसरा, मग माती थरांनी घाला आणि प्रत्येक थर रोलरने दाबा. इतक्या चढावर माती टिकत नाही, त्यामुळे वळणं भरून १९ अंशांवर आणा. ज्या चढासाठी ब्रिस्टल ओळखलं जातं तो पुरला गेला, हे कुणी बोलून दाखवलं तर त्याला ‘परंपराविरोधी’ म्हणा.

खरी गंमत यापुढे आहे. मातीचा ट्रॅक बांधून होत नाही, तो रोज करावा लागतो. शेतकऱ्याला हे एका शब्दात कळतं : वाफसा. ओल इतकी हवी की मूठ दाबली तर गोळा व्हावा, पण हाताला राड लागू नये. त्यासाठी वरचे काही इंच उकरायचे, टँकरने पाणी द्यायचं, ते खाली मुरू द्यायचं, परत उलटंपालटं करायचं, आदल्या रात्री पुन्हा पाणी, मग दाबायचं. काही ठिकाणी कॅल्शियम क्लोराइड मिसळतात, ते हवेतली ओल धरून ठेवतं. नुसतं वरून पाणी मारलं तर वर चिखल आणि खाली दगड अशी स्थिती होते. पहिल्या दहा फेऱ्यांत वरची साय निघून जाते आणि खड्डे उघडे पडतात. शर्यत सुरू होण्याआधी गाड्या हळूहळू फिरवून चाकांनी माती बसवावी लागते. हे काम करणारी माणसं ढगाकडे बघून टँकर काढतात. तुम्ही मात्र टीव्हीचं वेळापत्रक बघून काढा.

चांगल्या रात्री ही माती बदलत जाते. सुरुवातीला चिकट, टायर गच्च धरणारी. मग आतल्या बाजूचा भाग वाळून काळपट, गुळगुळीत, तुळतुळीत होतो. चाकांनी उडवलेली भुसभुशीत माती वर भिंतीकडे जमून तिची एक गादी बनते, आणि धाडसी ड्रायव्हर उजवं मागचं चाक त्या गादीला टेकवून वळण घेतो. बाकीचे खाली उरलेली ओल शोधत फिरतात. ओल कुठे सरकली हे ज्याला आधी कळलं, तो जिंकला. मातीच्या शर्यतीत बघण्यासारखं जे आहे ते हेच. त्यामुळे ते टाळण्याचा खात्रीशीर उपाय माहीत असायला हवा, आणि तो सोपा आहे : शर्यत दिवसाउजेडी ठेवा.

मातीच्या शर्यती रात्री का होतात, असा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, म्हणून बरं. सूर्य मावळला की ओल उडणं मंदावतं, एवढंच कारण. भर दुपारी तीच माती तासाभरात पीठ होते, आणि त्या पिठात जवळपास चाळीस गाड्या सोडल्या की पुढच्या गाडीचा रंगसुद्धा दिसत नाही. २०२१ ची पहिली शर्यत २८ मार्चच्या रविवारी होती. पावसाने आणि पुराने ती सोमवारी, २९ मार्चवर ढकलली. पंचांग उघडून बघा, त्या दिवशी आपल्याकडे धुळवड होती. टेनेसीत ती जास्त निष्ठेने साजरी झाली. धुरळ्यात दोन-दोनच्या ओळीत गाड्या सोडणं धोक्याचं ठरलं, म्हणून पुढे एकामागोमाग एक अशी रांग लावून शर्यत पुन्हा सुरू करायची वेळ आली. रेशनच्या दुकानासारखी. जोई लोगानो जिंकला. तो जिंकताना दिसला, हेही नसे थोडके.

पुढच्या वर्षी शर्यत ईस्टरच्या रात्री नेली, म्हणजे सूर्याचा बंदोबस्त झाला. मग पाऊस आला. आकाशाशी वाटाघाटी करणारं खातं अजून कुणी उघडलेलं नाही.

आता गाडी. मातीवर धावणारी लेट मॉडेल गाडी ड्रायव्हरसकट साधारण १,०५० किलोची असते. स्प्रिंट कार तर साडेसहाशे किलोंच्या आसपास, आणि इंजिन ९०० अश्वशक्तीच्या घरातलं. लेट मॉडेलचा मागचा एक्सल सलग असतो आणि तो चार दांड्यांनी अशा तऱ्हेने धरलेला असतो की गॅस (ॲक्सिलरेटर) दिला की डावं मागचं चाक पुढे सरकतं, बॉडी त्या कोपऱ्यात वर उचलली जाते आणि गाडी मागूनच वळायला लागते. उजवं मागचं टायर डाव्यापेक्षा मोठ्या घेराचं, म्हणजे मोकळी सोडली तरी ती डावीकडेच जाईल. पुढे काच नाही, जाळी आणि गज. स्टिअरिंग उजवीकडे, गाडी डावीकडे, आणि वळण कापायचं काम गॅसच्या पायाचं. हे सगळं मातीने शंभर वर्षांत शिकवलेलं शहाणपण आहे. ते बाजूला ठेवा.

त्याऐवजी २०२२ पासूनची नेक्स्ट जेन गाडी घ्या. वजन ड्रायव्हर आणि इंधनाशिवाय १,४५० किलो. ताकद २०२२ मध्ये ६७० अश्वशक्ती. मागच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेंशन, बॉडी डावी-उजवी सारखी, पोट सपाट आणि मागे हवा काढायला डिफ्युझर. डांबरावर कोपरे कापायला बनवलेलं हे यंत्र मातीत उतरवलं की डिफ्युझर फावड्याचं काम करतो. कोल्हापूरकराला उदाहरण लगेच पटेल. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हींची इभ्रत सारखी. पण गादीवरचे बूट घालून कुणी तांबड्या मातीत उतरत नाही. वस्ताद आत येऊच देणार नाही. स्टॉक कारच्या आखाड्याला वस्ताद नसतो, कार्यक्रम अधिकारी असतो.

काचेबद्दल वेगळं बोलायला हवं. उघड्या मातीच्या गाडीत चिखल उडाला की ड्रायव्हर हेल्मेटवरची पातळ फिल्म ओढून फेकतो, खाली दुसरी असते. बंद गाडीत चिखल काचेवर बसतो, आणि काचेवरची फिल्म ओढायला बाहेरून माणूस लागतो. तो माणूस पिटमध्ये असतो. ब्रिस्टलला २०२१ मध्ये नॅस्कारच्या पिकअप ट्रक मालिकेच्या पहिल्याच हीटमध्ये, म्हणजे मुख्य शर्यतीआधीच्या छोट्या पात्रता शर्यतीत, काचा इतक्या माखल्या की सुरू होताच ती थांबवावी लागली. त्याच वेळी चिखल ग्रिलच्या जाळीतही बसतो, रेडिएटरला हवा मिळत नाही, पाण्याचं तापमान चढतं. म्हणजे ट्रॅक ओला ठेवला तर दिसत नाही आणि इंजिन तापतं. कोरडा ठेवला तर दिसत नाही आणि टायर जातात. बरोबर मधली ओल साधली तर शर्यत चांगली होईल, पण ती पंधरा-वीस मिनिटंच टिकते. त्या पंधरा मिनिटांत जाहिराती दाखवून घ्या.

टायरचंही तेच. मातीसाठी गुडइयरने आडव्या-तिरप्या थरांचे, म्हणजे बायस-प्लाय, ठोकळ्यांची नक्षी असलेले टायर दिले. कोरड्या तुळतुळीत मातीवर जड गाडी घासत राहिली की उजवं मागचं टायर आधी जातं, कारण वळणात सगळा भार त्याच्यावर. २०२१ च्या सरावातच टायर झपाट्याने झिजताना दिसले, आणि ठरवून पिवळे झेंडे दाखवून शर्यत मध्येच मंद करण्याची सोय करावी लागली. मातीवरच्या नेहमीच्या मुख्य शर्यती तीस-चाळीस फेऱ्यांच्या असतात, मोठ्या मानाची एल्डोराची ‘वर्ल्ड १००’ सुद्धा नावाप्रमाणे शंभर फेऱ्यांची. मध्ये ट्रॅक पुन्हा उकरून पाणी देता येतं. तुम्ही २५० फेऱ्या ठेवा. आणि पिटमध्ये नऊ-दहा सेकंदांत चार चाकं बदलणारी माणसं आहेत ना, त्यांना निवांत बसवा : शर्यतीचा एक टप्पा संपला की सगळ्यांनी एकदमच थांबायचं, चाकं सावकाश बदलायची आणि ज्या क्रमाने आलात त्याच क्रमाने परत जायचं. नॅस्कारने ब्रिस्टलच्या मातीवर हाच नियम लावला. शर्यतीतला अर्धा डाव गोठवला की चुका अर्ध्या होतात, हे गणित बिनचूक आहे.

इथे कुणीतरी उठून इतिहास सांगेल. सांगू द्या, बरोबरच आहे. नॅस्कारच्या मुख्य मालिकेची (तेव्हा तिचं नाव ‘स्ट्रिक्टली स्टॉक’, आता कप मालिका) पहिली शर्यत १९ जून १९४९ ला शार्लटच्या पाऊण मैलाच्या मातीवरच झाली. पहिला आलेला ग्लेन डनवे बाद ठरला, कारण गाडीच्या मागच्या स्प्रिंगा दारू वाहण्यासाठी कराव्यात तशा केलेल्या होत्या, आणि विजय जिम रोपरला मिळाला. खेळाचा जन्मच मातीतला आणि थोडा चोरट्या धंद्यातला. मुख्य मालिकेची मातीवरची शेवटची शर्यत ३० सप्टेंबर १९७० ची, नॉर्थ कॅरोलिनात रॅलेला, रिचर्ड पेटीने जिंकलेली. पुढच्या वर्षी सिगारेटवाल्या प्रायोजकाचा पैसा आला, छोट्या शर्यती गळाल्या आणि माती राहून गेली. पण १९७० ची गाडी आणि आजची गाडी यांच्यात पन्नास वर्षांचा फरक आहे, एवढं त्या गृहस्थांच्या कानात हळूच सांगा. आजोबा विहिरीत पोहत होते म्हणून नातवाला सूट-बूट घालून विहिरीत ढकलत नाहीत.

दुसरा आक्षेप ड्रायव्हरांचा. काइल लार्सन, क्रिस्टोफर बेल मातीतूनच आले, मग अडलं कुठे? अडलं नाहीच. लार्सनने २०२१ मध्ये नॉक्सव्हिल नॅशनल्स आणि कप मालिकेचं विजेतेपद दोन्ही घेतलं. दोन गाड्यांत बसून घेतलं, हा तपशील सोडून द्या. बेल २०२३ ची ब्रिस्टल मातीची शर्यत जिंकला, म्हणजे पोहणाऱ्याला सूट-बूटातही पोहता येतं, हे सिद्ध झालं. एल्डोरात ट्रक मालिकेची शर्यत २०१३ ते २०१९ झाली आणि लोकांना आवडली. ट्रॅक मातीचा होता, आकार आटोपशीर होता, माती राखणाऱ्यांना ती ओळखीची होती. तुमच्या आराखड्यात हे उदाहरण घालू नका, गोंधळ वाढेल.

२०२२ च्या शर्यतीचा शेवट मात्र दाखवा, पुन्हा पुन्हा दाखवा. शेवटच्या फेरीत टायलर रेडिक पुढे, चेस ब्रिस्को शेवटच्या वळणात त्याच्या आत घसरत आला, दोघंही फिरले आणि मागून काइल बुश निघून गेला. असा शेवट डांबरावर क्वचितच मिळतो, हे मान्य. त्या दहा सेकंदांसाठी ६,२०० ब्रास माती. लग्नात आइस्क्रीमपायी मंडप घालणारे आहेतच.

शर्यत संपली की माती काढा. भुसा खरवडा, काँक्रीट उच्चदाबाच्या पाण्याने धुवा, आणि खुर्च्यांच्या रांगांमधली धूळ विसरू नका, ती सर्वात शेवटी निघते. मग १७ मार्च २०२४ ला घडलं तसं काहीतरी घडण्याची शक्यता असते, सावध राहा. त्या दिवशी ब्रिस्टलला वसंतातली शर्यत पुन्हा उघड्या काँक्रीटवर झाली. टायर कुणाच्याही अंदाजापेक्षा वेगाने झिजू लागले, चाळीस-पन्नास फेऱ्यांत संपू लागले, आणि ड्रायव्हरांना गॅस राखून, ओळ बदलत, टायर जपत गाडी हाकावी लागली. आघाडी ५४ वेळा बदलली, छोट्या ट्रॅकवरचा विक्रम. डेनी हॅमलिन जिंकला. म्हणजे मातीवर जे बघायला मिळायला हवं होतं ते माती उचलल्यावर मिळालं, आणि तेही एक टँकर पाणी न मारता.

यावर नाउमेद होऊ नका. माती फेकूनही देऊ नका, मागच्या पार्किंगमध्ये ढीग करून वर ताडपत्री टाका. ब्रिस्टलवर याआधी २००० आणि २००१ मध्ये माती टाकली होती, स्प्रिंट कार आणि लेट मॉडेलसाठी, म्हणजे ज्या गाड्यांना ती लागते त्यांच्यासाठी. मग वीस वर्षांनी तीच कल्पना नवीन म्हणून आली. त्या हिशेबाने पुढची बैठक २०४१ च्या आसपास असेल. ताडपत्री चांगल्या जाडीची घ्या.