बोलावणं आलं, कुंकू नाही

"संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आता विधवांनाही बोलावतात, हा बदल सोशल मीडियाने घडवला" हे लेखातलं वाक्य पटलं नाही. बोलावतात, हे खरं. पण पुढे काय होतं? यंदा आमच्या सोसायटीत माझ्या जाऊबाईंना आग्रहाने नेलं, तिळगूळ दिला, वाणही दिलं. कुंकवाचा करंडा मात्र त्यांच्यापाशी आला आणि सरळ शेजारच्या बाईकडे वळला. कुणी काही बोललं नाही. रात्री ग्रुपवर फोटो पडले, खाली "नवा पायंडा" म्हणून टाळ्यांचा पाऊस. लाइक मोजून असा बदल कळत नाही हो.

श्रेय द्यायचंच तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडला द्या. नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत, असा ठराव तिथल्या ग्रामपंचायतीने मे २०२२मध्ये केला. त्यानंतर त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचं अनुकरण करायला सांगितलं. ज्या गावात भावकीचा धाक असतो, तिथे उघडपणे असा ठराव करायला हिंमत लागते. एवढ्या मोठ्या लेखात त्याबद्दल एक ओळही नसावी, याचं फार वाईट वाटलं.