चेसीचा तडा घरीच जोडा म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

ट्रकवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, मला स्वतःला चार जणांनी पाठवला. त्यात लिहिलंय की चेसीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, तडा गेला की गॅरेजवाले लुटतात, शेवटी लोखंडच ते, मशीन भाड्याने आणा, जाड वेल्डिंग रॉडने भरपूर माल भरा, वरून आडवी पट्टी मारा, नव्यापेक्षा मजबूत होतं, बॅटरीची वायर काढली की बास, आणि दोन दिवसात कुणालाही जमतं. मी वेल्डिंगचंच काम करतो आणि हे वाचून झोप उडाली, कारण त्या गाडीखाली उद्या कुणाचंतरी पोरगं येऊ शकतं.

आधी ते 'लोखंडच ते'. नाही हो. ग्रिलचा अँगल आणि चेसीचा बीम (सांगाड्याचा लांब मुख्य दांडा) एक नाही. काही अवजड गाड्यांचे बीम हीट ट्रीटमेंट करून कडक केलेले असतात, त्यांना वेल्डिंगची उष्णता लागली की टाक्याच्या, म्हणजे वेल्डिंगच्या जोडाच्या, शेजारचं स्टील मऊ पडतं. मग टाका शाबूत राहतो आणि बाजूलाच फाटतं. म्हणून मशीन चालू करायच्या आधी आपल्या मॉडेलच्या चेसीला वेल्डिंग चालतं का, हे कंपनीच्या मॅन्युअलमध्ये बघायचं. नाही म्हटलं असेल तर नाहीच, तिथे कितीही भारी कारागीर असला तरी उपयोग नाही.

जाड रॉड, भरपूर माल. वरून ढीग दिसतो आणि आत तडा तसाच राहतो, वेल्डिंग म्हणजे फक्त झाकण झालं ते. खरं काम असं की रंग-गंज घासून तडा नेमका कुठे संपतो ते शोधायचं (डोळ्याला दिसतो त्याच्या पुढे गेलेला असतो, डाय पेनेट्रंटचा, म्हणजे तड्यात शिरणाऱ्या रंगाचा, स्प्रे मारला की कळतं), टोकाला ड्रिलने भोक पाडायचं म्हणजे तो पुढे सरकत नाही, मग ग्राइंडरने व्ही खाच करून मुळापासून भरत यायचं. रॉड साधा ६०१३ नाही, ७०१८. पहिले दोन आकडे म्हणजे ताकद, ६० हजार आणि ७० हजार पाउंड दर चौरस इंचाला, पण खरा फरक हायड्रोजनचा आहे, ७०१८ मध्ये तो कमी, म्हणून टाका आतून तडकायची भीती कमी. अट एकच, रॉड कोरडा पाहिजे. पावसाळ्यात उघडं पडलेलं पाकीट ओव्हनमध्ये न भाजता वापरलं तर ७०१८ घेऊन काय फायदा?

आता आडवी पट्टी. सगळ्यात जास्त राग मला याचा येतो. बीम समोरून कापून बघितला तर इंग्रजी सी अक्षरासारखा, मधली उभी बाजू आणि वर-खाली आडव्या कडा, त्यांना फ्लँज म्हणतात. लोड पडला की दोन एक्सलच्या मधे खालचा फ्लँज ताणला जातो, सगळ्यात जास्त ताण त्याच्यावर, आणि तुम्ही नेमका तिथेच आडवा टाका मारता. टाक्याच्या कडेला जी बारीक खाच पडते ना, अंडरकट म्हणतो आम्ही, तिथून नवा तडा सुरू होतो. शिवाय पट्टीची टोकं चौकोनी कापलेली असली की जिथे पट्टी संपते तिथे बीम एकदम जाड ते एकदम पातळ होतो आणि सगळा वाक त्या एका रेषेवर येतो. उसाच्या सीझनमध्ये अशीच एक गाडी आमच्याकडे आली होती, पट्टी जशीच्या तशी, टाका चकचकीत, आणि पट्टी संपल्यावर दोन बोटांवर बीम फाटलेला. म्हणून टोकं तिरकी कापतात, पट्टी लांब घेतात, आणि फ्लँजच्या कडेला टाकाही मारत नाहीत, भोकही पाडत नाहीत.

आणि तडा मुळात कशामुळे गेला, हे त्या मेसेजात कुठेच नाही! यू बोल्ट (पाटे एक्सलला धरून ठेवणारे) ढिले, ओव्हरलोड, नाहीतर आधी कुणीतरी फ्लँजला गॅसने पाडलेलं भोक. ते तसंच ठेवून वेल्डिंग केलं तर गाडी परत येणारच.

बॅटरीची वायर काढायची ती दोन्ही, आणि बीएस ६ गाडी असेल तर ईसीयूचे, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरचे, प्लगसुद्धा कंपनी सांगते तसे काढायचे. अर्थ क्लॅम्प (मशीनच्या परतीच्या वायरचा चिमटा) टाक्याच्या अगदी जवळ, घासलेल्या पत्र्यावर. लांब कुठेतरी लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि ते खराब होतं. एअर ब्रेकचे प्लास्टिक पाइप, वायरिंग बाजूला घ्या, आणि डिझेल टाकी रिकामी आहे म्हणून बिनधास्त राहू नका, रिकाम्या टाकीत डिझेलची पेटणारी वाफ असते. काम संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबा, ठिणगी कुठे धुमसत असते कळत नाही.

दोन दिवसात जमतं म्हणणाऱ्याला एकच विचारतो, तुझा टाका वाकवून तोडून बघितलास का? नवीन पोरांनी मडगार्डचा ब्रॅकेट, टूलबॉक्स, फळक्याची कडी खुशाल करावी, बीमच्या जाडीच्या भंगार पट्ट्यांवर उभा टाका मारून हातोड्याने तोडत शिकावं. वेल्डिंग मास्कची काच १० किंवा ११ नंबरची. वेल्डिंगच्या उजेडाने डोळ्यांना इजा झालीय हे काही तासांनी, रात्री कळतं, आणि मग बटाट्याचे काप ठेवत बसू नका, डॉक्टरकडे जा.

गॅरेजवाले जास्त घेतात हे काही ठिकाणी खरं आहे, मी नाकारत नाही. पण मग भाव विचारा, चार ठिकाणी फिरा, आणि कारागिराला स्पष्ट सांगा की पट्टी लावायच्या आधी मला बोलव, टोकाचं भोक आणि भरलेला तडा मला डोळ्याने बघायचाय.