आधीचा फोटो

साठी लागायला मला अजून सहा वर्षं आहेत. केस मी रंगवत नाही, तो माझा प्रश्न. पण काल दुपारी प्रभागाच्या ग्रुपवर जो फोटो पडला, त्याखाली लिहिलं होतं, "प्रभागातील ज्येष्ठ नागरिकांनी मानले दादांचे मनःपूर्वक आभार!" फोटोत दादा, म्हणजे आमचे नगरसेवक, मधोमध, पांढरा शर्ट, हातात फावडं. त्यांच्या डाव्या हाताला ज्येष्ठ नागरिक, म्हणजे मी. बनियन, चट्ट्यापट्ट्याची अर्धी चड्डी, खांद्यावर टॉवेल आणि तोंड उघडं. उघडं अशासाठी, की त्या क्षणी मी आभार मानत नव्हतो, तक्रार सांगत होतो. फोटोला आवाज नसतो, हे दादांच्या पथ्यावर पडलं.

संध्याकाळी इचलकरंजीहून मेव्हण्याचा फोन. "दाजी, पुढच्या इलेक्शनला उभारताय काय?" बायकोला माझ्या राजकीय भवितव्याची काळजी नव्हती. तिचं म्हणणं एवढंच, की त्या बनियनला काखेत भोक आहे, आणि ते मोठं करून बघता येतं.

झालं असं, की वळवाच्या पहिल्याच सरीत आमच्या दारातलं गटार तुंबलं. ते तुंबणारच. आमच्या गल्लीत जुना रस्ता न उकरता त्यावरच नवा थर ओतायची पद्धत आहे. रस्ता वर वर येतो, घरं खाली खाली जातात, आणि गटाराचा ढाळ इतका बिघडतो की पुढच्या चेंबरकडे जायचं पाणी मागं फिरून माझ्या पायरीशी येऊन थांबतं. तक्रार केली. कुणाकुणाकडे केली ते सांगत बसत नाही. काल सकाळी सातच्या सुमारास चार कामगार आणि त्यांचे मुकादम आले, गटारावरचे ढापे उचलले, आणि अर्ध्या तासात सगळा गाळ काठावर काढून ठेवला. पाणी वाहायला लागलं. मी खूश होऊन चहाचं विचारायला आत वळणार, तेवढ्यात गाडीवरून एक पोरगा आला.

विशी-बाविशीचा. कोरलेली दाढी, गळ्यात दादांचा फोटो असलेलं ओळखपत्र. दादांचा होता, त्याचा स्वतःचा नव्हता.

"गाळ कुठाय?" त्यानं गाडीवर बसूनच विचारलं.

"काढला की," मुकादम म्हणाले.

"काढला? दादा यायच्या आधीच?"

मुकादमांनी शांतपणे घड्याळ बघितलं. "आमची हजेरी साडेसहाची. दादांची किती वाजता अस्ती?"

पोरानं गाडी स्टँडवर लावली आणि गटारात वाकून बघितलं. स्वच्छ गटार बघून एवढा खचलेला माणूस मी आजवर पाहिला नव्हता.

"आता आधीचा फोटू कशाचा काढू मी?"

"कसला आधीचा?"

"मामा, दोन फोटू लागत्यात. डाव्या बाजूला आधी, उजव्या बाजूला नंतर, मधी दादा. नुसता नंतरचा टाकला तर लोक म्हंत्यात, हितं गटर तुंबली कवा हुती?"

"तुंबली होती," मी मध्ये पडलो. "मी साक्षीदार आहे."

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "फोटू हाय तुमच्याकडं?"

तुंबलेल्या गटाराचा फोटो काढून ठेवायची आमच्या घरात पद्धत नाही, असं मी सांगितलं. "मग काय उपेग," असं म्हणून त्यानं कंबरेवर हात ठेवले, थोडा विचार केला, आणि म्हणाला, "परत घाला."

"काय?"

"गाळ. परत घाला की. धा मिन्टाचं काम. फोटू झाला की परत काढायचा."

सगळे गप्प. एक कामगार नुसता फावड्याकडं बघत राहिला. मुकादमांनी कुणाला तरी फोन लावला, पलीकडून काहीतरी ऐकलं, "बरं बरं" म्हणाले आणि मान खाली घातली. समोरच्या आजी पायरीवर लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी हातातली पाकळी खाली ठेवली. "थुकलेलं परत गिळत्यात व्हय रं, मुडद्यांनो?"

गिळलं. घमेल्यांनी गाळ परत आत गेला. आणि पोरगा त्यावर देखरेख करायला लागला! आमच्या गटाराकडं इतकं बारकाईनं आजवर एकाही अभियंत्यानं बघितलेलं नाही.

"पिशव्या वर येऊ द्यात. निळी जरा फुडं. ती करवंटी उलटी करा. बाटली उभी नको, पडल्याली बरी, नॅचरल वाटत्या." मग मला, "काका, टॉवेल नाकाला लावा. आधीच्यात नागरिक त्रस्त पायजे."

मी टॉवेल नाकाला लावला. त्याच्या सांगण्यावरून नव्हे, वास खरोखर येत होता.

"एक नंबर! आता हसायचं नंतरच्यात. आत्ता नको."

"कुठं शिकलास रे हे?" मी विचारलं.

"रंकाळ्यावर प्री-वेडिंग करत हुतो. मुहूर्त संपलं की दादांचं मीडिया बघतो."

"त्यात बी असतंय काय, आधी आणि नंतर?" मुकादम.

"नाय वो. त्यात नुसतं आधीच."

दादा यायला तास लागला. दुसऱ्या एका गल्लीत त्यांचं 'आधी' चाललं होतं म्हणे. तेवढ्या वेळात मुकादम आणि मी कट्ट्यावर बसून जुने दिवस काढले. नोव्हेंबर २०२० मध्ये आपल्या कोल्हापूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली, आणि जानेवारी २०२६ पर्यंत निवडणूकच नाही. पाच वर्षांहून जास्त काळ प्रशासक. गावात एकही नगरसेवक नव्हता, पण भावी नगरसेवक खांबाखांबाला होते. वाढदिवस, दहीहंडी, दहावीच्या मुलांचं अभिनंदन, सगळं भावींनी सांभाळलं. काही भावी वाट बघून बघून आजोबा झाले, बोर्डावरचा फोटो तेवढा तरुण राहिला. गेल्या पावसाळ्यात आमचे दादाही भावीच होते. तेव्हा ते रोज पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी टाकायचे. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१ बघितलेल्या माणसाला तर त्या आकड्याशिवाय झोप येत नाही. पण दादांच्या पोस्टमध्ये नेमका तो आकडा त्यांच्या जोडलेल्या हातांच्या मागं जायचा. आज किती फूट, हे बघायला नमस्काराच्या पलीकडं डोकवावं लागायचं.

आणि आता एकदम चार. पूर्वी एका प्रभागाला एक नगरसेवक होता, शिव्या कुणाला द्यायच्या ते ठरलेलं असायचं. आता २० प्रभाग, ८१ जागा, एका प्रभागात चौघं, एकात तर पाच. अर्ध्या जागा महिलांच्या, म्हणजे चारांत दोन वहिनी आल्या, आणि वहिनी आल्या की त्यांचे कारभारी आले. निवडून दिले चार, भेटतात सहा. आमच्या कोपऱ्यावरचा एक दिवा लागला तेव्हा मला चार ग्रुपवर चार पोस्टी आल्या, "आपल्या पाठपुराव्याला यश." दिवा एकच. तोही परवापासून बंद आहे, त्याची पोस्ट कुणीच टाकली नाही.

हे ग्रुप म्हणजे काय प्रकरण असतं ते सांगतो. नाव 'संवाद'. सेटिंग असं, की फक्त अॅडमिननं बोलायचं. सकाळी सुप्रभात, मग कुणाचा तरी वाढदिवस, मग भावपूर्ण श्रद्धांजली. त्यात गेलेल्या माणसाचा फोटो पासपोर्ट साईज आणि दादा पोस्टकार्ड साईज. गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एका मामांच्या श्रद्धांजलीत दादाच इतके मोठे होते, की माझ्या आईनं दचकून कपाळाला हात लावला. "उद्या पाणी येणार नाही" हा निरोप मात्र उद्या येतो, पिंप रिकामं झाल्यावर. थेट पाईपलाईनचं काम २०१४ ला सुरू झालं आणि काळम्मावाडी धरणाचं पाणी शहराच्या पुईखडी जलशुद्धीकरण केंद्रात पोचलं २०२३ च्या दिवाळीच्या तोंडावर. पाण्याला पन्नासेक किलोमीटर यायला जेवढा वेळ लागला, त्याच्या मानानं श्रेयाचे बोर्ड फारच वेळेवर आले.

कायद्यात क्षेत्रसभा नावाची एक गोष्ट आहे. २००९ साली आपल्या राज्यात तशी दुरुस्ती झाली. मतदारांना समोर बसवायचं, त्यांचं म्हणणं ऐकून घ्यायचं, कामं त्यांना विचारून ठरवायची. समोर बसवायचं! म्हणजे माणूस उठून उलट बोलू शकतो. मी माझ्या हयातीत अशी एकही सभा बघितलेली नाही. सतरंजी नाही, खुर्ची नाही, साधा फळ्यावर निरोप नाही. ऐकून घ्यायच्या जागी ग्रुपवर अंगठा दाखवायची सोय केली आहे.

असो. दादा आले. चार गाड्या, मागं पंधरा-वीस पोरं. कामगाराच्या हातातलं फावडं दादांच्या हातात गेलं. त्यांनी ते गाळाला लावलं, गाळानं मनाई केली नाही. फोटो झाला. मग दादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काका, काय अडचण?"

मी जीव तोडून सांगायला लागलो. "दादा, गटार काढून उपयोग नाही. ढाळच उलटा आहे. पुढचं चेंबर वर राहिलंय, दोन ढापे उकरून पातळी घेतली तर..." मुकादमही मान हलवत होते. दादा पोराला म्हणाले, "लिहून घे रे." पोरगा म्हणाला, "काका, हिकडं बघा." तोच तो फोटो.

पुढच्या पाच मिनिटांत गाड्या गेल्या. मागोमाग मुकादमांना फोन आला. पुढच्या गल्लीत ताबडतोब या, दादा पोचतायत, आणि कृपा करून काही काढू नका. चौघंही फावडी उचलून गेले. गाळ गटारात. निळी पिशवी पुढं. करवंटी उलटी. पाणी हळूहळू चढत माझ्या पायरीशी आलं.

पोस्टमध्ये मात्र सगळं नीट आहे. डावीकडं 'आधी', त्यात आमचं गटार आणि नाकाला टॉवेल लावलेला मी. उजवीकडं 'नंतर', स्वच्छ, खळखळतं. फक्त ते गटार आमचं नाही. त्याच्या काठावर हिरवं फाटक आहे, आणि आमच्या अख्ख्या गल्लीत हिरवं फाटक नाही. खरोखर साफ झालेलं आमचं गटार सकाळी त्याच्या पायाशी होतं, तेव्हा त्याला त्याचा फोटो घ्यावासा वाटला नाही. माझी चिडचीड खरं तर तिथं आहे. बनियनचं मी सोसलं असतं.

पोराचा नंबर पोस्टखालीच होता. लावला. "अरे, गटार अजून तुंबलेलं आहे."

"काका, पोस्ट गेली आता. लय चालाय लागल्या."

"पोस्ट चालू दे. पाणी चालत नाही."

"मग असं करा," तो समजुतीनं म्हणाला, "तुंबल्याल्याचा एक फोटू टाका मला. फुडच्या येळंला उपेगी पडंल."

आज संध्याकाळी मुकादम स्वतः दारात आले. चहा घेतला. उद्या पहाटे, उजाडायच्या आत, चौघांना घेऊन येतो आणि गाळ काढून टिपरनं लगेच हलवतो, म्हणाले. तोवर मी कुणाला फोन करायचा नाही, ग्रुपवर अंगठाही द्यायचा नाही. आणि दादा नाहीतर उरलेल्या तिघांतलं कुणी आलंच तर? मुकादमांनी खिशातून मोबाईल काढून माझ्यापुढं धरला. आमच्या भागातल्या सगळ्या गटारांचे तुंबलेले फोटो, रांगेनं.

"आता आम्हीच काढून ठिवलंत, आधीचं. कुणी बी येऊ दे, पाठवून द्यायचं. ह्यातलं तुमचं कुठलं, तेवढं दावा."

मी चष्मा लावला. मग आजींना हाक मारली. त्यांनी एकावर बोट ठेवलं, बायकोनं दुसऱ्यावर. शेवटी मुकादमच म्हणाले, "असू दे, कुठलं बी चालतंय."