तीन मिनिटं थांबा की!

'द क्युअर' या ब्रिटिश रॉक बँडच्या 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' (२०२४) या अल्बमवरचा लेख आवडला, पण "पहिलं गाणं उगाच रेंगाळतं" हा शेरा काही पटला नाही. त्या 'अलोन'मध्ये गायक रॉबर्ट स्मिथचा आवाज तीन मिनिटांनंतर येतो, शेवटच्या 'एन्डसाँग'मध्ये तर सहा मिनिटं उलटल्यावर. ही प्रस्तावना नव्हे, गाण्याचाच अर्धा भाग आहे. एकच सुरावट फिरत राहते आणि तिच्यावर कीबोर्ड, गिटार असे थर चढत जातात. आलापाची सवय असलेल्या कानांना हे जड जाऊ नये!

हां, फोनच्या स्पीकरवर ऐकलंत तर रेंगाळल्यासारखं वाटणारच. सायमन गॅलपचा बास (खालच्या सुरांची गिटार) नुसता ताल धरत नाही, चालही तोच पुढे नेतो. बासच्या सर्वांत जाड तारेचा सूर सुमारे ४१ हर्ट्झचा. एवढासा स्पीकर काहीशे हर्ट्झच्या खाली जवळजवळ मुका. मग उरतात झांजा आणि कीबोर्डचा धूसर पडदा. बरे हेडफोन लावा, ईक्यू (खालच्या-वरच्या सुरांचं प्रमाण बदलणारी सेटिंग) सपाट ठेवा. तिथे बास वाढवलात तर 'ड्रोन:नोड्रोन' या गाण्यातला मुद्दाम खरखरीत केलेला बास बाकी सगळं गिळतो.

आणि शफल बंद! आठच गाणी आहेत, पन्नास मिनिटांच्या आत संपतात. 'ड्रोन:नोड्रोन'च्या गदारोळाला लागूनच स्मिथच्या भावाच्या मृत्यूवरचं 'आय कॅन नेव्हर से गुडबाय' येतं, पियानोच्या मोजक्या सुरांचं. क्रम मोडला की तो धक्का गेलाच.