अल्बम ४१ मिनिटांचा, निकाल दहा मिनिटांत

अमेरिकी पॉप गायिका टेलर स्विफ्टचा ‘द लाइफ ऑफ अ शोगर्ल’ हा अल्बम आपल्याकडे आला ३ ऑक्टोबर २०२५ला, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेनऊला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा मध्यरात्र होती. बारा गाणी, एकूण ४१ मिनिटं. म्हणजे एकही गाणं न गाळता ऐकणाऱ्याला सव्वादहापर्यंत थांबायलाच हवं. पण इंदूरच्या मराठी ग्रुपांना एवढा दम कुठला! रामबागेपासून सुदामा नगरपर्यंत पोह्याची बशी रिकामी व्हायच्या आत निकाल तयार. “बकवास.” “संपली ही.” “राणी परत आली, बाकीच्यांनी घरी बसा.” अहो, पण ऐकलंत कधी?

नावडला तर खुशाल नावडू दे. या अल्बममध्ये नावडण्यासारखं बरंच आहे. चीड येते ती न ऐकता ठोकून द्यायची.

आणि जे ऐकतात ते कसं ऐकतात तेही बघा. “बेसच नाही या अल्बमला” असं छातीठोक सांगणारा माणूस मोबाइलच्या स्पीकरवर ऐकत असतो. बेस म्हणजे अगदी खालचे, जाड आवाज. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४१ कंपनांनी, वाजते, किक ड्रमचा धक्का साधारण ५० ते १०० हर्ट्झमध्ये असतो. मोबाइलचा नखाएवढा स्पीकर दोनशेच्या खाली जवळजवळ गप्पच होतो. बेस आहे, तुमच्यापर्यंत पोचलेला नाही. दुसरा कोणी स्वयंपाकघरातल्या छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर लावतो. त्यातले बरेचसे मोनो असतात. मागच्या आवाजांच्या ज्या फळ्या डावी-उजवीकडे पसरून मिक्स केलेल्या असतात, त्या मधोमध मुख्य आवाजावर येऊन आदळतात. मग तक्रार काय, तर “गिचमिड वाटतं.” वाटणारच! त्यात गाण्यांच्या स्पॉटिफाय ॲपवर डेटा सेव्हर चालू. क्वालिटी ‘लो’वर असेल तर गाणं जेमतेम २४ केबीपीएसने (सेकंदाला २४ किलोबिट) येतं, ‘व्हेरी हाय’ला तेच ३२० असतं. झांजांचा चुरा होतो, ‘स’ आणि ‘श’ पाण्यातून आल्यासारखे ऐकू येतात, आणि खापर फुटतं अल्बमचे निर्माते मॅक्स मार्टिन आणि शेलबॅक यांच्या माथ्यावर. सेटिंग्जमध्ये जा, डेटा सेव्हर बंद करा, क्वालिटी वर न्या, स्वस्तातला का होईना, वायरवाला हेडफोन लावा. दोन मिनिटांचं काम आहे.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारं वाक्य म्हणजे “सगळी गाणी सारखीच वाटतात.” हे म्हणणाऱ्यांना विचारा, शफल, म्हणजे गाणी उलटसुलट क्रमाने लावणारं बटण, चालू होतं का? दहातले आठ हो म्हणतील. शफलने फक्त क्रम बिघडत नाही. स्पॉटिफाय सगळ्या गाण्यांचा आवाज उणे १४ एलयूएफएसच्या (आवाज कानाला किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) आसपास आणतं. अल्बम ओळीने लावला तर पूर्ण अल्बमला मिळून एकच फेरफार होतो, म्हणजे हळू गाणं हळूच राहतं आणि जोरकस गाणं जोरातच. शफलवर टाकलंत की प्रत्येक गाणं वेगवेगळं मोजलं जातं. मग हळुवार गाणं वर खेचलं जातं, दणकेबाज गाणं खाली दाबलं जातं आणि दोन्ही एका पातळीवर येतात. मिक्स करणाऱ्याने जे चढउतार राखले, ते तुम्ही एका बटणाने पुसलेत आणि वर म्हणताय चढउतार नाहीत! एक गाणं दुसऱ्यात मिसळणारं क्रॉसफेडही बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक गाण्याचा शेवट पुढच्याच्या तोंडात जातो. हे सगळं करूनही गाणी सारखी वाटली तर बोला. मधल्या लयीची गाणी बरीच आहेत, स्वीडनमधले मार्टिन आणि शेलबॅक परत आले म्हणून तिच्या जुन्या ‘१९८९’ अल्बमसारखा नाचता येण्याजोगा माल मिळेल असं वाटलं होतं आणि तो नेमका कमी आहे, ही तक्रार खरी आहे. पण ती तशी मांडा ना! गाण्याचं नाव सांगा, कुठल्या कडव्याला रटाळ झालं ते सांगा.

मग चोरीचा गलका. अल्बममधलं ‘फादर फिगर’ लागलं की, याच नावाचं जुनं गाणं ब्रिटिश गायक जॉर्ज मायकलचं असल्यामुळे, कोणीतरी ओरडतोच, “भिया, जॉर्ज मायकलचं गाणं चोरलं!” गाण्यावरचे तीन टिंब दाबा, क्रेडिट्स उघडा. गीतकारांत जॉर्ज मायकलचं नाव लिहिलेलं आहे. याला इंटरपोलेशन म्हणतात: जुन्या गाण्याची चाल किंवा ओळ नव्याने गायची, वाजवायची. त्यासाठी रचनेचा हक्क लागतो. सॅम्पल वेगळं, त्यात मूळ रेकॉर्डिंगचाच तुकडा कापून लावतात, म्हणून रचनेचाही हक्क लागतो आणि रेकॉर्डिंगचाही. परवानगी घेऊन, नाव देऊन, वाटा देऊन केलेल्या कामाला चोरी म्हणायचं? एवढा मोठा आरोप करण्याआधी तीन टिंबं दाबायला बोट दुखतं का?

समीक्षकांनाही सोडायचं कारण नाही. ‘रोलिंग स्टोन’ने याच अल्बमला ५पैकी ५ तारे दिले, ‘गार्डियन’ने ५पैकी २. मतभेद असू द्यात, असावेतच. पण नंतर मेटाक्रिटिकसारखी साइट या ताऱ्यांचे १०० आणि ४० करते, असे सगळे आकडे गोळा करून भारित सरासरी काढते. नुसते हे दोनच धरले तरी मध्य येतो ७०. सत्तर हे दोघांपैकी एकाचंही मत नाही! आणि आपले लोक तोच आकडा ग्रुपवर फिरवतात, “बघा, एवढेच मार्क.” परीक्षण वाचायची तसदी कोणी घेत नाही. ‘गार्डियन’चे ते ४० मार्क गाण्यांच्या रचनेबद्दल होते की शब्दांबद्दल, कोणाला पत्ता नाही. शिवाय त्याच दिवशी छापलेली परीक्षणं म्हणजे फार तर दोन-तीनदा ऐकून लिहिलेली. पॉपमधला हूक, म्हणजे डोक्यात अडकणारी ओळ किंवा सुरावट, चौथ्या-पाचव्या ऐकण्यात बसतो किंवा नकोसा होतो, आणि तिथेच खरी परीक्षा असते.

उलट बाजूला चाहते. पहिल्या आठवड्यात अमेरिकेत ४० लाखांहून जास्त युनिट खपली, ब्रिटिश गायिका अडेलचा २०१५चा विक्रम मोडला, म्हणून अल्बम श्रेष्ठ. खपली हे खरं. पण त्यासाठी वेगवेगळी कव्हरं, वेगवेगळी जादा गाणी असलेल्या कितीतरी आवृत्त्या काढल्या होत्या, काही तर थोड्या वेळापुरत्याच विकल्या. एकाच चाहत्याने चार आवृत्त्या घेतल्या तर चार युनिट धरतात. हा दुकानदारीचा हिशोब झाला, त्याचा सुराशी काय संबंध? आणि कोणी वाईट लिहिलं की त्याच्यावर तुटून पडायचं! टेलरच्याच २०२४च्या ‘टॉर्चर्ड पोएट्स’ अल्बमच्या वेळी ‘पेस्ट’ या अमेरिकी मासिकाने परीक्षण लिहिणाऱ्याचं नावच छापलं नाही, कारण २०१९मध्ये त्यांच्या एका समीक्षकाला धमक्या आल्या होत्या. गाण्याबद्दल चार ओळी लिहायला नाव लपवावं लागतं, याची लाज वाटायला हवी.

राहिले आपले ज्येष्ठ. लताबाईंचा जन्म इंदूरचा, २८ सप्टेंबर १९२९चा. त्यांच्या जयंतीचे मेसेज अजून ताजे असतात, त्यामुळे त्याच आठवड्यात काका लोकांना जोर चढतो. “हे काय संगीत? तीन-साडेतीन मिनिटांत गाणं संपतं, हल्लीच्या पोरांना धीर नाही.” काका, अमीर खाँसाहेबांचा अतिविलंबित झुमरा तालातला ख्याल तुम्ही मान न हलवता ऐकता, मग इथे एक अंतरा होईपर्यंत का थांबवत नाही? आणि मिनिटांचंच म्हणाल तर ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावत. तुमची लाडकी जुनी गाणी त्याच मापात बेतलेली आहेत, लांब गाणं असलं तर तबकडी उलटावी लागे. या अल्बमची बारा गाणी ४१ मिनिटांत भागून बघा. सरासरी साडेतीनच्या जवळच येते.