सशाचं पाणी बंद करायला सांगणारा तो मेसेज

"ससा घरभर मुततो? संध्याकाळी ६ नंतर पाणी बंद करा, चुकला की नाक त्यातच घासा, ट्रेमध्ये मांजराची वाळू घाला, नसबंदीशिवाय मात्र शिकणार नाही" असा मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय. कुडाळच्या आमच्या मावशीने तो खरा धरून सशाची बाटली रोज काढून ठेवायला सुरुवात केली, तीही ऐन मे महिन्यात, म्हणून लिहितेय.

पाण्याचं आधी, कारण याने जनावर मरेल हो! सशाला दिवसाला किलोमागे साधारण ५० ते १५० मिली पाणी लागतं, आपल्या उकाड्यात त्याहून कमी कसं चालेल? ससा हिंडतो-खातो तो मुख्यतः पहाटे आणि तिन्हीसांजेला, म्हणजे नेमकं त्याच्या जेवणाच्या वेळेला पाणी काढायचं! पाणी नाही तर गवत खात नाही, गवत नाही तर आतडं मंदावतं, आणि १२ तास काही खाल्लं नाही तर थेट डॉक्टर गाठायचा असतो. त्यात सशाच्या अंगातलं जादा कॅल्शियम लघवीतून जातं, पाणी कमी पडलं की ते मूत्राशयात गाळ होऊन बसतं. थोडी पांढुरकी लघवी चालते, पण मावशीच्या लादीवरचा डाग बोटाला चुन्यासारखा दाट लागत होता.

नाक घासायचं तर नावच काढू नका. घाबरलेला ससा मागचे पाय इतक्या जोरात झाडतो की त्याचाच कणा मोडू शकतो, आणि शिकतो एवढंच की तुमच्यापासून लांब राहायचं.

गोळे होणारी मांजराची वाळू नको, ससा ती चघळतो, पोटात तिचा गोळा होतो आणि सशाला उलटी करता येत नाही.

नसबंदीचं अर्धं खरं आहे, मान्य. वयात आलेला ससा हद्द दाखवायला शिंतोडे उडवतो, ते नसबंदीने बरंच थांबतं. पण त्याआधी काहीच शिकत नाही हे खोटं.

हाउस रॅबिट सोसायटी ही अमेरिकेतली संस्था १९८८ पासून घरातल्या सशांचंच काम करते, ते सांगतात की गवत ट्रेमध्येच किंवा ट्रेला लागून ठेवा, कारण ससा खाता खाता लेंड्या टाकतो. तो स्वतः जो कोपरा धरतो तिथेच ट्रे ठेवायचा, तळाला कागद, वर सुकं गवत, आणि बाहेर पडलेल्या लेंड्या उचलून त्यातच टाकायच्या. बाहेरची लघवी पांढऱ्या व्हिनेगरने पुसा, वास राहिला तर परत तिथेच जाईल. पावसात मात्र गवत हुंगून घ्या, बुरशीचा वास आला तर ते ट्रेमध्ये घालू नका.